मराठी लोकगीतांतील गुप्त प्रेम

मराठी लोकगीतांतील गुप्त प्रेम हा जात्यावरची ओवी, गवळण, लावणी, धनगरी ओवी आणि खंडोबाच्या जागरणातील गीते अशा अनेक गीतप्रकारांत आढळणारा विषय आहे. समाजाने मान्य न केलेले, घरच्यांपासून लपवलेले किंवा नाव घेऊन बोलता न येणारे प्रेम या गीतांत व्यक्त होते. लावणीच्या परिभाषेत त्यास 'चोरटी प्रीती' असेही म्हणतात. विषय एकच असला, तरी गाणारा कोण, ऐकणारा कोण आणि गाणे कोठे गायले जाते यांनुसार त्याचे रूप बदलते. पहाटेच्या जात्यावर ते सूचक आणि अर्धवट राहते, तमाशाच्या फडावर उघड होते, तर जेजुरीच्या खंडोबा–बाणाईच्या कथेत त्यास देवत्वाचे अधिष्ठान मिळते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके या तिन्ही परंपरांच्या प्रभावक्षेत्रात येतात.

संज्ञा आणि व्याप्ती

लोकगीतांत 'गुप्त प्रेम' ही एकच ठरावीक कल्पना नाही. तिच्यात सर्वसाधारणपणे चार प्रकारचे संबंध येतात : विवाहापूर्वीचे आकर्षण, विवाहबाह्य संबंध, जातीच्या मर्यादेबाहेरचे प्रेम आणि पती-पत्नींमधील, परंतु एकत्र कुटुंबात उघडपणे दाखवता न येणारे प्रेम. यांपैकी शेवटचा प्रकार आजच्या वाचकास अनपेक्षित वाटण्याजोगा आहे. जुन्या ग्रामीण कुटुंबात सुनेने वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणे अमर्याद समजले जाई. पतीचे नाव उच्चारण्यासही मनाई असल्याने उखाण्यात नाव गुंफून घेण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे विवाहित स्त्रीलाही पतीविषयीची ओढ आडवळणानेच सांगावी लागत असे. ओव्यांतील 'राया', 'सखा', 'साजण' किंवा 'जिवलग' हा पती आहे की अन्य कोणी, हे अनेकदा स्पष्ट होत नाही. ही संदिग्धता गाणारीला संरक्षण देते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती हा सुमारे ७०० गाथांचा संग्रह या विषयाचा सर्वांत जुना आधार मानला जातो. त्याचे संकलन सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. यातील अनेक गाथा गोदावरीच्या परिसरातील ग्रामीण स्त्रीच्या तोंडी आहेत. संकेतस्थळी भेटणे, शेजाऱ्यांची नजर चुकवणे, वाटसरूला सूचक शब्दांत थांबवणे हे त्यांतील नेहमीचे प्रसंग होत. एका गाथेत भाताची शेते कापणीस आल्यामुळे, म्हणजेच लपून भेटण्याची जागा नाहीशी होणार असल्यामुळे, नायिका खिन्न आहे; तिची मैत्रीण फुलावर आलेल्या तागाच्या शेताकडे तिचे लक्ष वेधते. प्रेमाचा थेट उल्लेख न करता पिकाच्या अवस्थेवरून सर्व सांगण्याची ही पद्धत पुढील काळातील मराठी लोकगीतांतही दिसते. या संग्रहाची स. आ. जोगळेकर यांनी संपादित केलेली मराठी आवृत्ती १९५६ साली प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरीत (१२९०) ओवीला ग्रंथरचनेचे स्थान मिळाले; मात्र स्त्रियांची कामाबरोबरची मौखिक ओवी तिच्याशेजारी स्वतंत्रपणे चालू राहिली.

जात्यावरची ओवी

दळणाचे काम पहाटे, घरातील इतर माणसे उठण्यापूर्वी होत असे. दोन स्त्रिया जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसून एकच खुंटा धरून जाते ओढत. जात्याच्या घरघरीमुळे गाणे फारसे दूर जात नसे. ते मुख्यतः समोर बसलेल्या जोडीदारणीसाठी असे. सासू-सासरे, दीर आणि नणंदा यांनी भरलेल्या घरात स्त्रीला मन मोकळे करता येण्याजोगी ही जवळजवळ एकमेव वेळ होती. म्हणून ओवीत 'सई', 'बाई', 'गडणी' असे संबोधन वारंवार येते.

जात्यावरील ओवी बहुधा दोन ओळींची असते. आई, भाऊ, माहेर, विठ्ठल, सीतेचा वनवास आणि सासुरवास हे तिचे प्रमुख विषय आहेत. गुप्त प्रेमाच्या ओव्या त्या मानाने थोड्या असून त्यांची रचनाही वेगळी आहे. त्यांत बहुधा स्वतःची कबुली नसते. एखादी स्त्री 'शेजारीण', 'गावातली नार' किंवा नाव नसलेली 'ती' यांच्याविषयी गाते. काही ओव्यांत आई लेकीला चालताना मान खाली ठेवण्याचा, परपुरुषाशी हसून न बोलण्याचा उपदेश करते. वरवर पाहता या ओव्या मर्यादेची शिकवण देतात. परंतु ज्या गोष्टीविषयी सावध केले जाते, तिची जाणीवही त्या करून देतात. समाजाचा धाक आणि मनाची ओढ ही दोन्ही एकाच ओवीत नांदतात.

ओवीची मालकी कोणा एकीची नसते. एकीने गायलेली ओवी दुसरी उचलते, तिच्यात एखादा शब्द बदलते आणि पुढे नेते. त्यामुळे 'हे तुझ्याविषयी आहे का' या प्रश्नाला 'आईकडून ऐकलेली ओवी आहे' असे उत्तर नेहमीच देता येते. परंपरेच्या आड स्वतःचे दुःख ठेवण्याची ही सोय मौखिक गीतांचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

गवळण

गवळणीत राधा, गोपी आणि कृष्ण यांच्या निमित्ताने गुप्त प्रेम गायले जाते. संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) गवळणी प्रसिद्ध असून वारकरी भजनात गवळणीला निश्चित स्थान आहे. मराठी परंपरेत राधा ही अनयाची विवाहित पत्नी आहे. तिच्या घरी आलेला बाळकृष्ण एकांतात मोठा होतो आणि अनया परतताच पुन्हा बाळ होतो, हा प्रसंग कीर्तनांत व लोकगीतांत लोकप्रिय आहे. त्यात लपवाछपवीचा विनोद आणि जीव-शिवाच्या भेटीचे रूपक एकत्र येतात.

तमाशात गणानंतर गवळण सादर होते. मथुरेच्या बाजाराला दूध-लोणी घेऊन निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण व पेंद्या अडवतात; बहुधा पुरुष नटाने रंगवलेली मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. येथे भक्तीचा आधार असल्यामुळे शृंगार सर्वांसमोर गाता येतो. एकाच विषयास भजनात आध्यात्मिक आणि फडावर लौकिक अर्थ प्राप्त होतो. श्रोत्यांना दोन्ही अर्थ ठाऊक असतात.

लावणी

उत्तर पेशवाईत लावणीचा उत्कर्ष झाला. अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ आणि होनाजी बाळा हे या काळातील प्रमुख शाहीर होत. सगनभाऊ हे मूळचे जेजुरीचे, मुसलमान शिकलगार कुटुंबातील होते. शृंगारिक लावण्यांत मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री, सवतीचा मत्सर, रात्रीची चोरटी भेट, सासू-नणंदेचा पहारा आणि बोभाटा होण्याची भीती हे विषय पुनःपुन्हा येतात. लष्करी पेशामुळे पुरुष महिनोन्‌महिने घराबाहेर असत. विरहाच्या आणि चोरट्या प्रीतीच्या लावण्यांना ही सामाजिक पार्श्वभूमी आहे.

ओवी व लावणी यांतील मुख्य भेद बोलणाऱ्या व्यक्तीचा आहे. ओवी स्त्रीची असून स्त्रीसाठी असते. पारंपरिक लावणी स्त्रीच्या तोंडी असली, तरी ती बहुधा पुरुष शाहिराने रचलेली आणि पुरुष श्रोत्यांपुढे गायलेली असते. फडावर स्त्रिया येण्यापूर्वी स्त्रीभूमिका 'नाच्या पोऱ्या' करीत असे. त्यामुळे लावणीतील नायिका जे धीटपणे सांगते, ते प्रत्यक्ष स्त्रीचे मनोगत मानावे की पुरुषाने कल्पिलेले, हा अभ्यासकांपुढील एक प्रश्न आहे.

संगीतबारीत लावणी गाणाऱ्या अनेक स्त्रिया कोल्हाटी व तत्सम समाजांतून आल्या. नाचगाण्यावर कुटुंब पोसणाऱ्या मुलीचा रीतसर विवाह होत नसे. एखाद्या आश्रयदात्याशी तिचा संबंध जुळे आणि तो संबंध त्या पुरुषाच्या घरापासून लपवला जाई. गीतात नायिकेचे प्रेम गुपित असते. प्रत्यक्ष जीवनात मात्र गाणारी स्त्री आणि तिची मुले हेच कोणाचे तरी गुपित होऊन राहत. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात ही बाजू मुलाच्या दृष्टीने मांडलेली आहे.

खंडोबा आणि बाणाई

मराठी लोकसाहित्यातील गुप्त प्रेमाची सर्वांत विस्तृत कथा जेजुरीच्या खंडोबाची आहे. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा ही नेवाशाची, लिंगायत वाणी समाजातील; तर दुसरी पत्नी बाणाई (बानू) ही धनगर कन्या. बाणाईचे स्थान नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळील चंदनपुरी येथे मानले जाते. वाघ्या-मुरळींच्या जागरणगीतांत आणि धनगरांच्या ओव्यांत ही कथा तपशिलाने गायली जाते. तिची रूपे प्रदेशानुसार बदलतात.

प्रचलित कथेनुसार, बाणाईवर मन जडल्यावर खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो. हरणाऱ्याने बारा वर्षे घराबाहेर राहावे, असा पण असतो. खंडोबा डाव हरतो आणि घर सोडण्याचे निमित्त मिळवतो. वेश पालटून तो बाणाईच्या वाड्यावर मेंढ्या राखणारा चाकर म्हणून राहतो. कथेच्या एका रूपात तो मेंढरे धुताना मारून टाकतो आणि बाणाईशी लग्नाचे वचन मिळाल्यावर त्यांना पुन्हा जिवंत करतो. अखेर तो बाणाईला जेजुरीस आणतो आणि गुपित उघड होते.

कथेचा यापुढील भाग लोकगीतांत विशेष रंगतो. म्हाळसा व बाणाई यांच्या भांडणाची गीते जागरणात आवडीने ऐकली जातात. त्यांत जात, आहार, राहणी आणि मान यांवरून दोघी एकमेकींना टोमणे मारतात. म्हाळसा स्थायिक, व्यापारी समाजाची आणि बाणाई फिरत्या, पशुपालक समाजाची प्रतिनिधी ठरते. जेजुरीत म्हाळसा गडावर खंडोबाशेजारी आहे, तर बाणाईचे मंदिर गडाच्या वाटेवर मध्यावर आहे. स्वीकार झाला, परंतु बरोबरीचे स्थान मिळाले नाही, ही स्थिती मंदिरांच्या जागांतूनही सूचित होते. परंपरेत खंडोबाच्या रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई या अन्य पत्नींचाही उल्लेख येतो. वेगवेगळ्या समाजांना एका देवाशी जोडण्याचे कार्य या कथा करतात.

जागरणात दिमडी, तुणतुणे आणि घोळ ही वाद्ये वापरतात. मुरळी ही खंडोबाला वाहिलेली स्त्री असून मुलींना मुरळी म्हणून सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात कायद्याने बंद करण्यात आली आहे. धनगरी ओव्या ढोलाच्या साथीने गायल्या जातात; त्यांच्या आरंभी देवांचे स्मरण, म्हणजे 'सुंबरान', मांडले जाते.

लपवण्याची भाषा

या गीतांत काही संकेत पुन्हापुन्हा येतात. पाणवठा, विहीर आणि नदीचा काठ ही भेटीची ठिकाणे आहेत. कारण पाणी आणणे हे स्त्रीला एकटीने घराबाहेर पडण्याचे मान्य कारण होते. विड्याचे पान देणे-घेणे हे आकर्षणाचे, तर ओठांवरील विड्याचा रंग हे गुपित फुटण्याचे चिन्ह होय. आठवड्याचा बाजार व जत्रा या परक्या माणसाशी नजरानजर होण्याच्या जागा आहेत. शेजारीण, नणंद आणि जाऊ या पाळत ठेवतात. मैत्रीण निरोप पोहोचवते. वेश पालटलेला चाकर, गुराखी किंवा वाटसरू हा प्रियकराचा नेहमीचा अवतार आहे.

हे संकेत केवळ अलंकार नाहीत. अनेक समाजांत विवाह बालवयात आणि घरच्यांनी ठरवून होत. गुपित उघड झाल्यास पुरुषाच्या तुलनेत स्त्रीवर फार कठोर शिक्षा ओढवे : माहेरची वाट बंद होणे, जातपंचायतीचा दंड, वाळीत टाकले जाणे किंवा प्राणास मुकणे. म्हणून शब्दाला दोन अर्थ असणे ही गाणारीची व्यावहारिक गरज होती.

शिरूर आणि दौंड परिसर

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे तालुके पुणे जिल्ह्याच्या तुलनेने कमी पावसाच्या पूर्व पट्ट्यात आहेत. ज्वारी-बाजरीची शेती आणि मेंढपाळी ही येथील जुनी उपजीविका. पुढे पाटबंधाऱ्यांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात जेजुरी असल्याने खंडोबाची उपासना, जागरणे आणि बाणाईची गीते या भागात परिचित आहेत.

शिरूर तालुक्यातील सविंदणे येथील स्त्रियांच्या ओव्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात नोंदवल्या गेल्या आहेत. याच तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा परंपरेशी निगडित गाव असून तमाशासाठी लावण्या व वग लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर हे तेथील होत. दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर महामार्गावरील चौफुला परिसर संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो. शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. पहिला बाजीराव व मस्तानी यांचा संबंध लपलेला नव्हता, परंतु घराने तो स्वीकारलाही नाही. त्या अर्थाने बाणाईच्या कथेतील मध्यावरच्या स्थानाशी त्याचे साम्य दिसते.

पंजाबी लोकसंगीताशी तुलना

गुप्त प्रेमाचा विषय पंजाबी लोकसंगीतातही केंद्रस्थानी आहे. हीर–रांझा, मिर्झा–साहिबां आणि सोहनी–महिवाल या कथा 'किस्सा' या काव्यप्रकारात गायल्या जातात. वारिस शाह यांची 'हीर' १७६६ साली पूर्ण झाली. माहिया, टप्पे आणि बोलियां या छोट्या गीतांत स्त्रिया हाच विषय थोडक्यात गातात. लहान रचना, ठरावीक चाल आणि ऐनवेळी शब्द बदलण्याची मुभा यांबाबत ही गीते मराठी ओवीच्या जवळची आहेत.

रांझा आणि खंडोबा यांच्या कथांतील साम्य लक्षणीय आहे. दोघेही प्रेयसीच्या घरी गुरे-मेंढरे राखणारे चाकर होतात, दोन्ही कथांत बारा वर्षांचा काळ येतो आणि दोघांचेही खरे रूप काही काळ लपलेले असते. शेवट मात्र भिन्न आहेत. वारिस शाह यांच्या काव्यात विषप्रयोगाने हीरचा अंत होतो व त्या वार्तेने रांझाही मरतो. मिर्झा आणि सोहनी यांच्या कथाही मृत्यूने संपतात. बाणाईच्या कथेचा शेवट विवाहात आणि दोन पत्नींच्या न मिटणाऱ्या भांडणात होतो. पंजाबी किश्श्यात समाजाने नाकारलेले प्रेम मृत्यूनंतर पूजनीय ठरते, तर मराठी जागरणात ते जिवंतपणीच, तडजोडीसह, घरात येते.

संकलन आणि अभ्यास

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन सुरू केले. पुढे त्याचा विस्तार महाराष्ट्रातील १,००० हून अधिक गावांत होऊन १,१०,००० पेक्षा अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. १९९० च्या दशकात संगीत-संशोधक बर्नार्ड बेल या प्रकल्पात सहभागी झाले आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर या ओव्या गावाच्या व गाणाऱ्या स्त्रीच्या नावासह प्रसिद्ध होऊ लागल्या. खंडोबा परंपरेविषयी रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांचे लेखन महत्त्वाचे मानले जाते.

गुप्त प्रेमाच्या ओव्यांचे संकलन करताना एक अडचण येते. जी ओवी जोडीदारणीपुरती होती, ती ध्वनिमुद्रित होताच सर्वांची होते. नोंद न केल्यास ओवी नष्ट होते आणि नोंद केल्यास तिचा आडोसा जातो, हा पेच अशा संकलनात अटळ आहे.

आधुनिक काळ

पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचल्यावर रोजचे दळण संपले. त्यामुळे स्त्रियांचे कष्ट कमी झाले. मात्र पहाटेचा एकांत आणि त्याबरोबरची गाणीही मागे पडली. लग्नात हळद दळताना जात्याची पूजा करून काही ओव्या अजूनही म्हटल्या जातात, पण त्या मंगल प्रसंगाच्या असतात. तेथे चोरट्या प्रीतीच्या ओव्यांना स्थान नसते.

लावणी चित्रपटांतून घराघरांत पोहोचली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२) हे या दृष्टीने उल्लेखनीय चित्रपट होत. सुलोचना चव्हाण, यमुनाबाई वाईकर आणि विठाबाई नारायणगावकर यांनी लावणीस व तमाशास प्रतिष्ठा मिळवून दिली. खंडोबा–बाणाईची कथा 'जय मल्हार' (२०१४–२०१७) या दूरचित्रवाणी मालिकेमुळे शहरी प्रेक्षकांपर्यंत गेली. जेजुरीच्या यात्रांत आणि घरोघरीच्या जागरणांत तिचे मौखिक गायन आजही चालू आहे.

हेही पाहा

ओवी
लावणी
गवळण
जागरण
खंडोबा
गाथासप्तशती
हीर–रांझा